डाउनलोड किती झाले, हे कुठून मोजलं त्यावर आहे

नवीन व्हर्जन बाहेर पडलं की दोन दिवसांत कुणीतरी विचारतंच, किती डाउनलोड झाले? आणि प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांनी महिनोन्महिने बग शोधले, भाषांतरं केली, डॉक्युमेंटेशन लिहिलं, त्यांना आपलं काम किती लोकांपर्यंत पोचलं हे कळायलाच हवं. पण सॉफ्टवेअर मिररवरून, म्हणजे दुसऱ्यांच्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रतींवरून, वाटलं जात असेल तर याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि एका छोट्या मुक्त सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या रिलीझचं काम मी बघतो त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

आधी अडचण काय आहे ते बघू. तुमची फाइल तुमच्याच एका सर्व्हरवर असेल तर काम सोपं, लॉग (कुणी काय मागितलं याची सर्व्हरने ठेवलेली नोंद) उघडा, मोजा, झालं. पण मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांकडे बँडविड्थसाठी पैसा कुठून येणार, म्हणून पहिल्यापासून पद्धत अशी की मूळ सर्व्हरवरून विद्यापीठं, इंटरनेट कंपन्या, हौशी लोक आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमने अख्खी प्रत ओढून घेतात आणि आपापल्या मशीनवरून फुकटात वाटतात. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोचे असे मिरर जगभर शेकडो आहेत. म्हणजे फाइल तुमची, पण ती कुणी नेली याची नोंद दुसऱ्याच कुणाच्या तरी डिस्कवर पडते. मूळ सर्व्हरच्या लॉगमध्ये तुम्हाला दिसतात ते फक्त मिररवाले, ठरलेल्या वेळी येऊन फाइल नेणारे. खऱ्या वापरणाऱ्यांचा तिथे पत्ताच नसतो.

मग पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात हाच येतो की मिररवाल्यांकडूनच लॉग मागवू. हे करून बघायचं ठरलंही होतं. पायथॉन भाषेच्या पॅकेज इंडेक्ससाठी, म्हणजे पायपीआयसाठी, २००९ मध्ये पेप ३८१ नावाचा प्रस्ताव आला, त्यात मिररचं जाळं कसं असावं हे तर होतंच, पण प्रत्येक मिररने आपल्याकडच्या डाउनलोडची दिवसागणिक सीएसव्ही फाइल बनवायची, कुठलं पॅकेज, कुठली फाइल, कुठल्या प्रोग्रॅमने मागितली आणि किती वेळा, आणि मग मुख्य सर्व्हरने त्या सगळ्या गोळा करून एकत्र बेरीज करायची असंही होतं. कागदावर अगदी नीटनेटकं. पण २०१३ मध्ये पायपीआय सीडीएनच्या, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरच्या एका जाळ्याच्या, मागे गेलं आणि त्याच वर्षी आलेल्या पेप ४४९ ने ती अधिकृत मिररची व्यवस्थाच मोडीत काढली. पुढे २०१६ च्या सुमारास सीडीएनच्या लॉगमधून काढलेला डाउनलोडचा डेटा गूगलच्या बिगक्वेरी या डेटाबेस सेवेवर सगळ्यांसाठी खुला झाला.

मला वाटतं लॉग गोळा करायची कल्पना मुळातच जड जाते, कारण मिरर चालवणारा माणूस तुमच्यावर उपकार करतोय, त्याच्या एका मशीनवर पन्नास प्रोजेक्ट असतात आणि प्रत्येकाने वेगळ्या फॉरमॅटमध्ये हिशोब मागितला तर तो मिररच बंद करेल. शिवाय कुणी लॉग चार आठवडे ठेवतो, कुणी रात्रीच पुसून टाकतो, कुणी ठेवतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या लॉगमध्ये लोकांचे आयपी अ‍ॅड्रेस असतात. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, आयपी अ‍ॅड्रेस वैयक्तिक माहितीत मोडतो, पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं की वापरणाऱ्याने त्या मिररवर विश्वास ठेवलाय, आपल्या आकड्याच्या हौसेपायी ती यादी आपण मागू नये. बेरीज मागा, यादी नको.

तर मग मोजायचं कुठे? याचं चांगलं उत्तर म्हणजे रीडायरेक्टर. वापरणारा डाउनलोडच्या लिंकवर क्लिक करतो, ती रिक्वेस्ट तुमच्याच सर्व्हरवर येते, सर्व्हर बघतो की हा कुठल्या देशातून, कुठल्या नेटवर्कमधून आलाय, जवळचा आणि चालू असलेला मिरर निवडतो, आणि ३०२ चं, म्हणजे ‘तिकडे जा’ असं, उत्तर देऊन तिकडे पाठवून देतो. फाइल देतो मिरर, पण मोजणी दारातच होते. ओपनसुसे या लिनक्स डिस्ट्रोसाठी लिहिलेला मिररब्रेन वर्षानुवर्षं हेच काम करत होता, व्हीएलसी प्लेअरवाल्यांनी मिररबिट्स लिहिला, तो गो भाषेत आहे आणि मागे रेडिस हा डेटाबेस वापरतो. हे दोन्ही प्रोग्रॅम सगळे मिरर अधूनमधून स्कॅन करून कुठली फाइल कुणाकडे पोचलीये हे स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात, त्यामुळे अर्धवट सिंक झालेल्या मिररकडे कुणी जात नाही. मोजणीचा भाग हा खरंतर त्यातला जोडधंदा, पण आमच्यासारख्यांना तोच सोन्यासारखा.

आता दारात मोजलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. एकच डाउनलोड जवळून बघू म्हणजे कळेल. समजा एका माणसाने डाउनलोड मॅनेजर लावून आपला इन्स्टॉलर मागितला. तो मॅनेजर आधी हेड रिक्वेस्ट पाठवतो, फाइल किती मोठी आहे ते विचारायला, ही झाली पहिली ओळ. मग फाइलचे आठ तुकडे करून आठ कनेक्शन उघडतो आणि त्यातलं प्रत्येक कनेक्शन पुन्हा मूळ लिंकवरच गेलं तर रीडायरेक्टरच्या लॉगमध्ये आठ वेळा ३०२ येतं. मिररच्या लॉगमध्ये आठ वेळा २०६ येतं, २०६ म्हणजे फाइलचा फक्त तुकडा दिला. मध्येच वायफाय गेलं, त्यातले तीन तुकडे पुन्हा सुरू झाले, आणखी तीन ओळी. मेटालिंक (एका फाइलच्या अनेक मिररची यादी) समजणारा प्रोग्रॅम असेल तर तो एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या मिररकडून तुकडे ओढतो, म्हणजे एकाच डाउनलोडची नोंद तीन गावांना वाटली गेली. माणूस एक, फाइल एक, आणि ओळी बारा. ज्याने नुसत्या ओळी मोजल्या त्याच्याकडे बारा डाउनलोड झाले.

याच्यावर मिररबिट्समधला उपाय मला फार आवडतो. त्यात एक सेटिंग आहे, आयपी आणि युझर एजंट (मागणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव) यांचा मिळून हॅश, म्हणजे एक सांकेतिक आकडा, करायचा आणि त्याच हॅशवरून त्याच फाइलच्या तुकड्याची मागणी ठरावीक वेळात परत आली तर नवीन डाउनलोड धरायचा नाही, डिफॉल्ट ६०० सेकंद. दहा मिनिटं. म्हणजे आठ तुकड्यांचा एकच आकडा होतो. हळू कनेक्शनवर अर्ध्या तासाने कुणी रिझ्यूम केलं तर तो दोनदा मोजला जाणार हे आहेच, आणि एका ऑफिसातल्या दोन सारख्या मशीनवरून दहा मिनिटांत रिझ्यूमच्या रिक्वेस्ट आल्या तर त्यातली एक गळणार हेही आहे, पण नियम लिहून ठेवलेला आहे, कुणीही वाचू शकतं, आणि तो दर रिलीझला सारखाच राहतो. मोजमापात हे सगळ्यात महत्त्वाचं.

रीडायरेक्टरला दोन गोष्टी मात्र कधीच दिसत नाहीत. एक, जे लोक थेट मिररची लिंक वापरतात ते, म्हणजे कुणाच्या स्क्रिप्टमध्ये, कुणाच्या डॉकरफाइलमध्ये, कुठल्यातरी जुन्या ट्युटोरियलमध्ये मिररचा पत्ता कायमचा लिहिलेला असतो आणि तिथून होणारे डाउनलोड आपल्या दारावरून जातच नाहीत. दुसरी, पाठवलेला माणूस फाइल पूर्ण घेऊन गेला की अर्ध्यात सोडून गेला. ३०२ देऊन झालं की आपला संबंध संपला.

पूर्ण झालं का हे मोजायला एफटीपी या फाइल पाठवायच्या जुन्या प्रोटोकॉलच्या काळात फार छान सोय होती. एक्सफरलॉग नावाची जी लॉग फाइल असायची तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अक्षर असायचं, पूर्ण गेली तर सी, अर्धवट राहिली तर आय. एका अक्षरात सगळं. पण २०१७ मध्ये लिनक्स कर्नलची साइट कर्नल डॉट ऑर्ग आणि डेबियन दोघांनीही सार्वजनिक एफटीपी बंद केलं, ते बरोबरच होतं, तो प्रोटोकॉल फायरवॉलमधून नेणं म्हणजे डोकेदुखी होती, पण त्याच्याबरोबर ते अक्षरही गेलं. एचटीटीपीच्या लॉगमध्ये २००, म्हणजे ‘ठीक’, लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ फक्त एवढाच की सर्व्हरने पाठवायला सुरुवात केली.

म्हणून मी बाइट मोजण्याच्या बाजूचा आहे. ओळी मोजायच्याच नाहीत. त्या फाइलसाठी दिवसभरात एकूण किती बाइट बाहेर गेले ते बघायचं आणि फाइलच्या साइझने भागायचं. समजा इन्स्टॉलर ३५० एमबीचा आहे आणि एका मिररवरून दिवसभरात त्याचे १४० जीबी गेले, तर ४०० पूर्ण डाउनलोडइतकं काम झालं. आठ तुकडे असोत की ऐंशी, अर्ध्यात सोडलेले असोत की रिझ्यूम केलेले, सगळं आपोआप जुळतं, कारण तुकड्यांची बेरीज शेवटी फाइलच असते. आणि यात कुणाचा आयपी लागत नाही! मिररवाल्याने एक छोटी स्क्रिप्ट चालवून फाइलचं नाव आणि बाइट असे दोन कॉलम पाठवले तरी पुरतं. तेवढं करायला बरेचजण आनंदाने तयार होतात असा माझा अनुभव आहे.

फक्त इथे एक खाचखळगा आहे आणि तो माहीत नसेल तर सगळं गणित फसतं. अपाची या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉग फॉरमॅटमध्ये शेवटी जो बाइटचा आकडा असतो, तो पर्सेंट-बी, तो प्रत्यक्ष पाठवलेल्या बाइटचा नसतो, तर उत्तर केवढं होतं त्याचा असतो. म्हणजे कुणी दहा टक्क्यांवर कनेक्शन तोडलं तरी तिथे अख्खी ३५० एमबी दिसू शकते. खरोखर वायरवर किती गेलं ते हवं असेल तर मॉड-लॉगआयओ लावून पर्सेंट-ओ लॉग करावं लागतं, हे अपाचीच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय पण कोण वाचतं तिथपर्यंत. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये बॉडी-बाइट्स-सेंट म्हणून जो व्हेरिएबल असतो तो खरा पाठवलेला आकडा देतो, त्यामुळे तिकडे ही भानगड नाही. मिररवाल्याला आकडे मागताना आधी हाच प्रश्न विचारायचा, सर्व्हर कुठला आणि लॉगमध्ये कुठला बाइट.

मग दोन्हीची सांगड घालता येते. रीडायरेक्टर म्हणतो मी त्या मिररकडे ५०० लोक पाठवले, मिररचे बाइट म्हणतात ४०० जणांइतकी फाइल गेली, तर ढोबळमानाने ऐंशी टक्के पूर्ण झाले असं धरता येतं. ढोबळमानाने म्हणतोय कारण त्या ४०० मध्ये थेट आलेलेही मिसळलेले असतात. पण दोन-तीन वेगवेगळ्या खंडांतले मिरर असे तपासले की एक अंदाज बसतो, आणि एखाद्या मिररवर हे प्रमाण अचानक घसरलं तर तो मिरर आजारी आहे हेही कळतं. आकड्यांचा हा उपयोग मला डाउनलोड मोजण्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे कुणाचं तरी डाउनलोड रोज तुटत असतं आणि तो बिचारा कुणाला सांगायलाही येत नाही.

बरं, आता समजा पूर्ण डाउनलोड अगदी अचूक मोजले. तरी तेवढे लोक वापरतात असं म्हणता येत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. रिलीझनंतर महिना-दोन महिन्यांनी आलेख बघा, सुरुवातीची उसळी ओसरते आणि मग खाली एक सपाट तळ लागतो जो कधीच शून्यावर जात नाही. त्या तळातला बराच भाग मशीनचा असतो, कुठेतरी बिल्ड सर्व्हर दर कमिटला नवा कंटेनर उभा करून तीच फाइल परत परत ओढत असतो. तासाच्या ठोक्याला, बरोबर शून्य मिनिटाला, रिक्वेस्टचा सुळका दिसला तर समजावं की ते क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, आहे, माणसं अशी ठोक्याला क्लिक करत नाहीत. शनिवार-रविवारी आकडा पडतो का, दिवस-रात्रीचा फरक दिसतो का, हेही बघायचं. उलट बाजूने बघितलं तर एक आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल) उतरवून त्यावरून अख्ख्या लॅबमधली मशीन बसवली जातात, पेनड्राइव्हवरून मित्राला दिलं जातं, लिनक्स डिस्ट्रोच्या स्वतःच्या पॅकेज-साठ्यातून बसवणाऱ्यांचा तर आपल्या आकड्यात पत्ताच नसतो. ही गळती कितीची हे डाउनलोडच्या लॉगमधून कधीच निघणार नाही.

२००८ च्या जूनमध्ये फायरफॉक्स ३ आलं तेव्हा २४ तासांत ८०,०२,५३० डाउनलोड झाले आणि गिनेसने तो विक्रम म्हणून नोंदवला. मला तो दिवस आवडतो, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली गोष्ट होती ती, आणि आकड्याबरोबर २४ तास ही चौकट जोडलेली होती म्हणून त्याला अर्थ आहे. त्यावरून त्या दिवशी किती लोक फायरफॉक्स वापरत होते असं काढायला गेलं तर ते चुकीचं ठरेल.

युनिक आयपी मोजा असं कुणीतरी सुचवतंच. फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोवाले बरीच वर्षं तसं करत होते, मिररलिस्ट मागायला येणारे वेगवेगळे आयपी मोजायचे. पण एका नॅटच्या मागे, म्हणजे एकाच सामायिक आयपीमागे, शेकडो मशीन असतात ती एकच दिसतात, आणि ज्याचा आयपी रोज बदलतो तो एक माणूस आठवड्यात सात दिसतो. दोन्ही चुका उलट दिशेच्या आहेत म्हणून एकमेकींना कापतील असं मानायला काही आधार नाही, देशोदेशी नेटवर्कची रचना वेगळी. २०१९ मध्ये प्रत्येक मशीनला एक कायमचा आयडी द्यावा असा विचार पुढे आला आणि लोकांनी प्रायव्हसीच्या मुद्द्यावर जोरदार आक्षेप घेतला. त्यातून जे निघालं ते मला या क्षेत्रातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्याचं नाव काउंटमी, २०२० मध्ये फेडोरा ३२ पासून आलं. डीएनएफ, म्हणजे फेडोरात पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, तसंही मिररची यादी मागायला फेडोराच्या सर्व्हरकडे जातंच. आठवड्यातून फक्त एकदा, त्या मागणीला काउंटमी आणि १ ते ४ मधला एक आकडा जोडला जातो, बस. आठवड्यातल्या कुठल्या रिक्वेस्टला जोडायचा हे रँडम ठरतं. आकड्याचा अर्थ मशीन किती जुनं आहे, १ म्हणजे पहिला आठवडा, २ म्हणजे पहिला महिना, ३ म्हणजे सहा महिन्यांपर्यंत, ४ म्हणजे त्याहून जुनं. आयडी नाही, कुकी नाही. तरी बघा केवढं कळतं. नॅटच्या मागे शंभर मशीन असतील तर आठवड्यात शंभर वेळा काउंटमी येणार, आयपी बदलला तरी आठवड्याला एकच. बिल्ड सर्व्हरवर तासाभरात जन्मून मरणारे कंटेनर यात आलेच तरी ते १ च्या डब्यात पडतात, ४ च्या डब्यात कधीच पोचत नाहीत, म्हणून खरे टिकून राहिलेले वापरणारे वेगळे काढता येतात. आणि ज्याला नको त्याने एक ओळ बदलून बंद करावं. मोजायचं आहे ती गोष्ट कोणती हे आधी ठरवलं आणि तेवढीच माहिती घेतली, एक कण जास्त नाही.

डेबियनचं पॉपकॉन जुनं आहे आणि वेगळ्या वाटेने जातं, तिथे स्वतःहून हो म्हणणाऱ्यांच्याच मशीनवरून आठवड्याला पॅकेजची यादी जाते. त्यात नुसतं इन्स्टॉल आहे की खरोखर वापरात आहे हेही असतं, ते फाइल शेवटची कधी उघडली त्या वेळेवरून काढतात, म्हणून कुणी डिस्क नोएटाइम (उघडल्याची वेळ न नोंदवण्याचं सेटिंग) लावून माउंट केली असेल तर ती खूण मिळत नाही. हो म्हणणारे कोण हाही प्रश्न आहेच, पण दोन पॅकेजची आपसात तुलना करायला ते उत्तम. आर या संख्याशास्त्राच्या भाषेच्या जगात सीआरएएन या पॅकेज-साठ्याचे मिरर बरेच आहेत पण रोजचा लॉग खुला करतो तो आरस्टुडिओ (आताची पॉझिट) कंपनीचा, ऑक्टोबर २०१२ पासूनचा, आणि त्यात आयपीऐवजी रोज बदलणारा एक नंबर असतो. म्हणजे एका मिररचा आकडा आहे, सगळ्या जगाचा नाही, हे विसरून लोक तो पॅकेजचे एकूण डाउनलोड म्हणून छापतात तेव्हा वाईट वाटतं. निनावी ब्राउझिंगसाठीच्या टॉर प्रोजेक्टवाले तर लॉग प्रसिद्ध करताना आयपी काढतात, वेळ काढून फक्त तारीख ठेवतात, ओळींचा क्रमही मोडतात, आणि तरीही त्यांना डाउनलोड, अपडेट, आणि सिग्नेचर (फाइल अस्सल आहे हे तपासायच्या) फाइलचे डाउनलोड वेगवेगळे दाखवता येतात. सिग्नेचरची फाइल किती जण उतरवतात हे बघणं ही कल्पना मी तिथूनच उचलली. आमच्याकडेही चेकसमच्या फाइलचे हिट आता वेगळे मोजतो, बॉट वगळून, कारण फाइल तपासून घेणारा माणूस बहुतेक ती चालवणार असतो.

टॉरंटबद्दल फार लिहीत नाही. ट्रॅकरला (टॉरंटमधल्या मशीनना एकमेकांचे पत्ते देणाऱ्या सर्व्हरला) पूर्ण झाल्याचा संदेश येतो तो मोजता येतो, डीएचटीवरून, म्हणजे ट्रॅकरशिवाय एकमेकांना शोधून, आलेले त्यात दिसत नाहीत.

सध्या आम्ही रिलीझच्या पानावर तीन आकडे वेगवेगळे देतो आणि त्यांची बेरीज कधीच करत नाही. रीडायरेक्टरवरून पाठवलेले, कुठल्या नियमाने एकत्र धरले त्यासकट. बाइटवरून काढलेले पूर्ण डाउनलोड, किती मिररनी माहिती दिली त्यासकट. आणि अपडेट तपासायला आठवड्यातून एकदा येणाऱ्या रिक्वेस्ट, ज्यात आयडी नसतो. प्रत्येकाखाली दोन ओळींत व्याख्या. कुणी लेखात वापरायला आकडा मागितला तर ती व्याख्या सोबत छापा एवढीच विनंती करतो. आणि मोजायची पद्धत बदलायची वेळ आली, नियमातले दहा मिनिटांचे वीस केले किंवा बॉटची यादी वाढवली, तर एक अख्खं रिलीझ जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी मोजून दोन्ही रेघा एकाच आलेखावर ठेवायच्या. त्याने थोडं जास्तीचं काम पडतं, डिस्कवर लॉग दुप्पट होतात, पण पुढच्या वर्षी कुणी विचारलं की मार्चमध्ये आकडा एकदम का पडला तर दाखवायला काहीतरी असतं.